काळा स्क्रीन, एक आकडा आणि आमचा राउटर

कॉलेजचं नेट बंद पडलं की आपण वायफायला शिव्या घालून मोकळे होतो. पण ते नेट शोधून परत आणणारे लोक एका काळ्या खिडकीत मोजक्या ओळी टाइप करत असतात. त्यातली एक ओळ दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून काय जातंय याची कॉपी आपल्यासमोर आणून ठेवते. ती ओळ लिहिताना काय होतं आणि काय सांभाळावं लागतं, त्याची ही गोष्ट.

नेट गेलं की तुम्ही काय करता? वायफाय बंद करून परत चालू करता. फोन एरोप्लेन मोडवर टाकून बघता. शेवटी ग्रुपवर ‘नेट कोणाचं चालतंय का रे?’ असा मेसेज टाकायला जाता आणि लक्षात येतं, मेसेज जायलाही नेटच लागतं! त्यापलीकडे आपली धाव नसते. माझीही नव्हती. मी मास कॉमची विद्यार्थिनी. माझ्यासाठी स्विच म्हणजे पंख्याचं बटण.

गेल्या वर्षी, शेवटच्या वर्षाला असताना, हे बदललं. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचे अर्ज भरायचे शेवटचे दिवस होते. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही, ज्यांच्या फोनवरून दाखले नीट अपलोड होत नाहीत, अशी मुलं कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबबाहेर रांगेत उभी होती. हातात प्लास्टिकची फाइल, त्यात उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, पासबुकची झेरॉक्स. मी भित्तिपत्रकासाठी या रांगेवर काहीतरी लिहायचं म्हणून गेले होते. आणि लॅबमधलं नेट गेलं. तेही अर्धवट. काही मशीनवर चालू, काहींवर बंद. बंद मशीन रीस्टार्ट केलं की कधी नेट यायचं, कधी नाही. पूर्ण बंद असतं तर निदान कोणाला तरी फोन लावून मोकळं होता आलं असतं.

माझी शाळेपासूनची मैत्रीण बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला. तिची सीसीएनएची तयारी चालू होती. लॅबचं नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांनी तिला हाक मारली आणि तिने मला ओढत नेलं. “चल, तुला स्टोरी पाहिजे ना?” पुढचे चार तास मी तिथेच होते.

पत्ते वाटणारा दुसरा कोण?

सरांनी आधी नेट न चालणाऱ्या एका रिकाम्या मशीनवर ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड दिली. पत्ता आला १९२.१६८.० ने सुरू होणारा. सर म्हणाले, “हा आपला पत्ताच नाही. आपले सगळे १० ने सुरू होतात.”

इथे थोडं थांबून समजून घेऊ. तुम्ही कोणतंही मशीन नेटवर्कला जोडलं की ते आधी ओरडून विचारतं, ‘मला कोणी पत्ता देता का?’ मग पत्ते वाटायचं काम करणारा सर्व्हर, त्याला डीएचसीपी सर्व्हर म्हणतात, एक पत्ता पुढे करतो. मशीन म्हणतं, ‘हाच द्या.’ सर्व्हर म्हणतो, ‘घे.’ चार पावलांचा हा संवाद: डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक. इंटरव्ह्यूला जाणारे त्याला ‘डोरा’ म्हणून पाठ करतात.

आता समजा, परीक्षेच्या हॉलबाहेर सीट नंबर वाटणारे दोघं उभे आहेत. एक कॉलेजचा माणूस, दुसरा असाच कोणीतरी टेबल टाकून बसलेला. ज्याच्याकडून आधी चिठ्ठी मिळाली ती घेऊन तुम्ही आत जाणार. चुकीच्या चिठ्ठीवाल्याला आत बाकच सापडणार नाही. लॅबमध्ये नेमकं हेच चाललं होतं. कॉलेजात कुठेतरी दुसरा डीएचसीपी सर्व्हर जागा झाला होता. ज्या मशीनला त्याचं उत्तर आधी मिळालं, त्याचं नेट गेलं. म्हणून रीस्टार्ट केल्यावर कधी चालायचं, कधी नाही.

पण तो आहे कुठे? तीन मजल्यांचं कॉलेज, भिंतीभिंतीत नेटवर्कचे पॉइंट. आणि एकच आहे की दोन-तीन? ते बघायचं तर नेटवर्कवरून जाणारी पाकिटं, म्हणजे पॅकेट्स, प्रत्यक्ष बघायला हवीत. लॅबच्या मशीनवर त्यासाठीचं सॉफ्टवेअर नव्हतं आणि ऐन गर्दीत ते टाकत बसायलाही वेळ नव्हता. सर म्हणाले, “स्विचवर आरसा लावू.”

सरळ दुसऱ्याच्या हातात

हा आरसा का लागतो, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. पूर्वी ऑफिसातली मशीन ‘हब’ नावाच्या डब्याला जोडलेली असायची. हबला अक्कल नव्हती. एका तारेतून आलेलं पाकीट तो उरलेल्या सगळ्या तारांवर फेकायचा. ज्याचं असेल तो घेईल, बाकीच्यांनी दुर्लक्ष करायचं. वर्गात मागच्या बाकावर चिठ्ठी पाठवायची तर ती मोठ्याने वाचून दाखवावी, तसं.

मग स्विच आला. कोणत्या तारेवर कोणतं मशीन आहे, हे तो त्यांच्या मॅक ॲड्रेसवरून शिकतो आणि पाकीट सरळ त्याच तारेवर पाठवतो. पहिला इथरनेट स्विच १९९०च्या सुमारास सिलिकॉन व्हॅलीतल्या एका छोट्या कंपनीने बाजारात आणला. कंपनीचं नाव ‘कल्पना’. आपल्या ओळखीचंच नाव, कारण तिच्या दोन संस्थापकांपैकी एक विनोद भारद्वाज. दुसरे लॅरी ब्लेअर. १९९४ मध्ये ही कंपनी सिस्कोने विकत घेतली. आज तुमच्या कॉलेजच्या कपाटात लुकलुकणाऱ्या प्रत्येक स्विचचं मूळ गोत्र तिथे सापडतं.

स्विचमुळे नेटवर्क वेगवान झालं आणि एकाचं दुसऱ्याला दिसायचं बंद झालं. पण बिघाड शोधणाऱ्याची पंचाईत झाली. त्याच्या लॅपटॉपवर आता त्याचीच पाकिटं येणार. म्हणून स्विचमध्ये एक सोय दिलेली असते: अमुक पोर्टवरून जे येईल-जाईल, त्याची हुबेहूब एक कॉपी तमुक पोर्टवर पाठव. याला पोर्ट मिररिंग म्हणतात. सिस्कोच्या भाषेत ‘स्पॅन’. मूळ पाकीट आपल्या वाटेने जातं, आरशात फक्त प्रतिबिंब.

मोठ्या डेटा सेंटरमध्ये किंवा बँकांच्या नेटवर्कमध्ये या एकाच कामासाठी वेगळी यंत्रं असतात. ठिकठिकाणच्या आरशांमधल्या कॉपी गोळा करायच्या, नको त्या गाळायच्या आणि सुरक्षेची, वेगाची तपासणी करणाऱ्या यंत्रांना वाटून द्यायच्या. यांना पॅकेट ब्रोकर किंवा मॉनिटरिंग स्विच म्हणतात. नवी मुंबईत ऐरोली, महापेच्या बाजूला जी मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत, तिथे नोकरीला लागलात तर अशा यंत्रांशी गाठ पडू शकते. यंत्र बदललं तरी ते चालवण्याची जुनी रीत तीच आहे: काळा स्क्रीन आणि कर्सर.

‘मोठं चिन्ह’ आणि ‘जाळी’

लॅबच्या कोपऱ्यात काचेचं कपाट, त्याला रॅक म्हणतात. सरांनी किल्लीने ते उघडलं. मैत्रिणीने एक चपटी, फिकट निळी केबल स्विचच्या ‘कन्सोल’ लिहिलेल्या भोकात लावली, दुसरं टोक ॲडॉप्टर लावून लॅपटॉपच्या यूएसबीत. ‘पुट्टी’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडलं, वेग ९६०० टाकला, एंटर मारला. काळी खिडकी. वरच्या कोपऱ्यात एवढंच:

स्विच>

मी म्हटलं, “बस? एवढंच? बटणं कुठायत?” सर हसले.

(कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या असतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत देतेय.)

शेवटचं ते ‘>’ चिन्ह म्हणजे तुम्ही पाहुणे आहात. थोडंफार बघू शकता, हात लावू शकत नाही. ‘एनेबल’ टाइप करून पासवर्ड दिला की चिन्ह बदलून ‘#’ होतं. आता तुम्ही घरचे. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हटलं की तुम्ही स्वयंपाकघरात. इथे लिहिलेली प्रत्येक ओळ त्याच क्षणी लागू होते. ‘नक्की का?’ असं विचारणारी खिडकी बहुतेक वेळा येतच नाही.

अडलं तर प्रश्नचिन्ह टाइप करायचं. पुढे काय काय लिहिता येईल याची यादी समोर येते. अर्धा शब्द लिहून टॅब दाबलं की स्विच तो पूर्ण करतो. मला हे फार आवडलं. परीक्षेत अशी सोय असती तर!

मैत्रीण सरसावून टाइप करायला लागली, तर सर म्हणाले, “अगं थांब. आधी शो मार. करायच्या आधी शो, केल्यावर शो.” ‘शो’ने सुरू होणाऱ्या कमांड फक्त दाखवतात, काही बदलत नाहीत. ‘शो इंटरफेसेस स्टेटस’ म्हटल्यावर २४ पोर्टची यादी आली: कोणाला तार जोडलेली आहे, कोणाला नाही.

मग सरांनी दुसरी गोष्ट सांगितली. ती तेव्हा मला उगाच वाटली. “आरसा रिकाम्या मशीनचाच लावायचा. जिथे मुलं बसलीत तिथला नाही. ती आधार नंबर भरतायत, बँकेचं खातं भरतायत. आपल्याला ते बघायचं कारण नाही.”

रिकामं मशीन पोर्ट ५ वर होतं. मैत्रिणीने तिच्या लॅपटॉपची दुसरी केबल पोर्ट २४ ला लावली. म्हणजे ५ चा आरसा २४ वर. तिने लिहिलं:

मॉनिटर सेशन १ सोर्स इंटरफेस गिगाबिट १/०/५ बोथ

‘बोथ’ म्हणजे येणारं आणि जाणारं, दोन्ही. एंटर. मग दुसरी ओळ:

मॉनिटर सेशन १ डेस्टिनेशन इंटरफेस गिगाबिट १/०/१४

एंटर. आणि मागून आवाज आला, “सर, गेलं!”

एक आकडा

तुमच्या लक्षात आलं का? आमच्या तिघांच्याही नाही आलं. २४ च्या जागी १४ टाइप झालं होतं.

ज्या पोर्टवर आरशातलं प्रतिबिंब पाठवायचं, तो पोर्ट स्विच त्या कामालाच जुंपतो. त्याची रोजची देवाणघेवाण बंद. तारेचा दिवा लागलेला असतो, पण ‘शो इंटरफेसेस’मध्ये बघितलं तर त्या पोर्टसमोर ‘मॉनिटरिंग’ लिहिलेलं असतं. पोर्ट १४ वर एक मुलगी बसली होती. बारावीनंतर तालुक्याहून शिकायला आलेली, पहिल्या वर्षाची. ज्या थोड्या मशीनवर नेट चालत होतं, त्यातलं ते एक. तिचा अर्ज शेवटच्या पानावर आला होता आणि तिचं नेट आम्ही तोडलं होतं.

मैत्रिणीचा चेहरा पांढरा पडला. घाईत ती काहीतरी भलतंच टाइप करणार होती. सर शांतपणे म्हणाले, “नो लाव.” सिस्कोच्या स्विचवर केलेली गोष्ट रद्द करायची तर तीच ओळ लिहून सुरुवातीला ‘नो’ लावायचं. तिने ‘नो मॉनिटर सेशन १’ लिहिलं. पोर्ट पुन्हा नेहमीच्या कामाला लागायला अर्धं मिनिट गेलं. तेवढ्यात पोर्टलवरून लॉगआउट झालं होतं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, शेवटचं पान पुन्हा. ती मुलगी आम्हाला काहीच बोलली नाही. तिने फक्त फाइल परत उघडली आणि दाखले पुन्हा काढून ठेवले. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

माउसने काम करताना आपल्याला सवय असते की मशीन आपल्याला चुकांपासून वाचवेल. इथे तसं नाही. याहून मोठे घोळ एका शब्दाने होतात. नेटवर्कवाल्यांमध्ये सगळ्यांत बदनाम चूक आहे ‘ॲड’ विसरण्याची. दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टवरून कोणकोणत्या व्हीलॅनना, म्हणजे नेटवर्कच्या गटांना जाऊ द्यायचं, याची यादी असते. त्यात ३० नंबरचा गट वाढवायचा तर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०’ लिहावं लागतं. ‘ॲड’ राहिलं, तर आधीची यादी पुसून एकटा ३० उरतो आणि बाकीची बिल्डिंग अंधारात. स्विच चुकलेला नसतो. त्याला जे सांगितलं, तेच त्याने केलेलं असतं.

म्हणूनच अनुभवी लोक दुरून काम करताना आधी ‘रीलोड इन १०’ अशी कमांड देऊन ठेवतात. म्हणजे दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होईल. हातून चूक झाली आणि स्वतःच बाहेर फेकले गेलात, तर स्विच पुन्हा सुरू होताना जुनी, सेव्ह केलेली मांडणी उचलतो. सगळं ठीक झालं तर ‘रीलोड कॅन्सल’. हे चालतं कारण स्विचकडे दोन वह्या असतात. ‘रनिंग कॉन्फिग’ ही कच्ची वही, आत्ता लागू असलेली. ‘स्टार्टअप कॉन्फिग’ ही पक्की. कच्च्यातलं पक्क्यात उतरवलं नाही आणि लाइट गेली, की केलेलं सगळं गेलं.

दोन ऑफर

दुसऱ्या वेळी मैत्रिणीने प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला, सरांनी मान हलवली, मगच एंटर. मग ‘शो मॉनिटर सेशन १’. सोर्स ५, डेस्टिनेशन २४. बरोबर.

तिने ‘वायरशार्क’ उघडलं. पाकिटं उघडून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. जेराल्ड कॉम्ब्स या अमेरिकन प्रोग्रामरने १९९८ मध्ये ते ‘इथेरियल’ नावाने बाहेर आणलं, २००६ मध्ये त्याचं नाव बदललं. स्क्रीनवर रंगीत ओळींचा पाऊस. तिने वरच्या पट्टीत ‘डीएचसीपी’ एवढंच लिहिलं आणि पाऊस थांबला. मग रिकाम्या मशीनला नवा पत्ता मागायला लावला. चार ओळी यायला हव्या होत्या. आल्या पाच. एक डिस्कव्हर, दोन ऑफर. एक १० वाल्या खऱ्या सर्व्हरची, दुसरी १९२.१६८.०.१ ची. चोर एकच होता आणि त्याचा मॅक ॲड्रेस आमच्यासमोर होता.

पुढचं काम म्हणजे पावलांचा माग काढणं. ‘शो मॅक ॲड्रेस-टेबल’ या कमांडला तो ॲड्रेस दिला की स्विच सांगतो, हा माझ्या कोणत्या पोर्टच्या दिशेला आहे. लॅबच्या स्विचने पोर्ट २३ दाखवला. तो वर मुख्य स्विचकडे जाणारा रस्ता होता. ‘शो सीडीपी नेबर्स’ने पलीकडच्या स्विचचं नाव कळलं. सरांनी त्यात लॉगिन केलं, तीच कमांड दिली. त्याने दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचने सांगितलं: पोर्ट ७.

सरांनी वहीत बघितलं. पोर्ट ७ म्हणजे कोणती खोली? “मास कॉम. एडिटिंग रूम.”

मी गप्प. कारण मला आठवलं. आदल्या संध्याकाळी आमच्या शॉर्ट फिल्मचं एडिटिंग चाललं होतं. खोलीत वायफायला रेंज नव्हती. म्हणून आम्ही घरातला जुना राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावला होता. आणि ‘आम्ही’ म्हणजे मीच. राउटर माझ्याच घरचा. केबल चुकीच्या भोकात, म्हणजे इंटरनेटच्या भोकाऐवजी लॅनच्या भोकात लागली होती. त्यामुळे तो आपल्या चार फोनना पत्ते वाटायच्या ऐवजी अख्ख्या कॉलेजला वाटत सुटला होता. रात्री आमचं काम झालं, तो तसाच राहिला. रांगेवर स्टोरी करायला आलेली मी, आणि रांग अडली होती ती माझ्यामुळे.

सरांनी आधी ‘शटडाउन’ लिहून पोर्ट ७ बंद केला, मग मला वर पाठवलं. मी राउटर काढून आणला. नेट न चालणारी मशीन पुन्हा सुरू केल्यावर पाचेक मिनिटांत सगळी लॅब ठीक झाली. सरांनी मला ओरडायला हवं होतं. ते म्हणाले, “चूक माझीही आहे. सगळं कॉलेज एकाच व्हीलॅनमध्ये आहे म्हणून ते इतकं पसरलं. आणि स्नूपिंग लावायचं राहून गेलंय.” डीएचसीपी स्नूपिंग म्हणजे स्विचला सांगून ठेवायचं की पत्ते वाटायचा अधिकार फक्त अमुक पोर्टच्या दिशेने येणाऱ्याला. बाकी कोणी ऑफर पाठवली तर ती तिथेच टाकून दे. ते करतानाही खऱ्या सर्व्हरकडे जाणाऱ्या पोर्टला ‘ट्रस्ट’ द्यायला विसरलात, तर तोही चोर ठरतो आणि नवा पत्ता कोणालाच मिळत नाही. सरांनी ते काम घाईत केलं नाही, सुटीच्या दिवसावर ठेवलं.

पोर्ट १४ ला आरसा लावला असता तर?

काम संपल्यावर मी सरांना विचारलं, “सर, त्या मुलीच्या मशीनचा आरसा लावला असता तर काय दिसलं असतं?”

ते म्हणाले, आजकाल बहुतेक वेबसाइट एचटीटीपीएसवर चालतात. बंद पाकीट समजा. आतलं पत्र दिसत नाही, पण पाकिटावरचा पत्ता बऱ्याचदा दिसतो. कोणती साइट उघडली, किती वाजता, किती वेळ. तेवढ्यावरूनही माणसाबद्दल खूप कळतं. कोणी रात्री-अपरात्री कोणत्या आजाराची साइट बघतंय, कोणी कोणत्या नोकरीच्या साइटवर आहे. आणि पाकीट उघडं असेल तर?

ते त्यांनी करूनच दाखवलं. रिकाम्या मशीनवरून कपाटातल्या एका जुन्या, वापरात नसलेल्या स्विचला ‘टेलनेट’ने लॉगिन केलं, त्यावर एक खोटा पासवर्ड ठेवलेला होता. वायरशार्कमध्ये त्या संवादावर क्लिक केलं आणि तो पासवर्ड अक्षरन् अक्षर समोर. टेलनेट ही जुनी पद्धत काहीच झाकत नाही. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात असेच कोणीतरी नेटवर्कवर कान लावून पासवर्ड चोरले होते. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच तयार केलं. आज जगभर दुरून स्विच चालवायला तेच वापरतात. म्हणून तुमच्या हाती कधी स्विच आला तर टेलनेट बंद, एसएसएच चालू, हे पहिलं काम.

तेव्हा मला सरांची ‘रिकामं मशीन’वाली सूचना कळली. आम्हाला पत्रकारितेच्या वर्गात शिकवतात की सोर्सने विश्वासाने सांगितलेलं जपायचं. पण इथे कोणी काही सांगतच नाही. समोरच्याला कळतही नाही की आरसा लागलाय. त्याचं नेट हळू होत नाही, कुठे सूचना येत नाही. अडवणारी गोष्ट एकच, टाइप करणाऱ्याची बोटं. कायदाही आहेच. मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमधला डेटा उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं. ते अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हॉस्टेलच्या वायफायवर ‘गंमत म्हणून’ वायरशार्क उघडून दुसऱ्याचं बघू पाहणाऱ्यांनी हे एकदा वाचून ठेवावं.

करून बघायचंय?

यासाठी कॉम्प्युटर सायन्सलाच असलं पाहिजे असं नाही. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीत नाव नोंदवलं की ‘पॅकेट ट्रेसर’ फुकट मिळतो. त्यात खोटे स्विच, खोट्या तारा, खोटी मशीन. चूक केली तर कोणाचा अर्ज अडत नाही. तिथे एवढं करून बघा: ‘>’ पासून ‘#’ पर्यंत जा, प्रत्येक ठिकाणी प्रश्नचिन्ह टाइप करून यादी वाचा, ‘शो मॅक ॲड्रेस-टेबल’ रिकामं आहे का बघा, दोन मशीनमध्ये ‘पिंग’ करा आणि परत बघा. टेबलात दोन ओळी आलेल्या दिसतील. स्विच शिकतो म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर होतं.

खऱ्या स्विचवर हात ठेवायची वेळ आली तर मैत्रिणीने तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली यादी देते. परवानगी कोणाची घेतली? नेमका कोणता पोर्ट, आणि तोच का? आधी ‘शो’ केलं का? आकडा मोठ्याने वाचला का? एक गिगाबिटच्या पोर्टवर दहा पोर्टचे आरसे लावत नाही ना? मावणार नाहीत, जादाची पाकिटं गळतील आणि तुम्हाला वाटेल नेटवर्कच खराब आहे. आणि शेवटचं, आरसा काढला का? कारण विसरलेला आरसा तसाच चालू राहतो. पक्क्या वहीत उतरला असेल तर लाइट जाऊन आल्यावरही. उद्या त्या पोर्टला कोण तार लावेल, सांगता येत नाही.

त्या दिवशी सरांनी कपाट बंद करायच्या आधी आतल्या दारावर टांगलेलं रजिस्टर काढलं. साधं, लाल कापडी पुठ्ठ्याचं. त्यात तारीख, वेळ, कोणत्या पोर्टचा आरसा कुठे, कारण, कोणी लावला, असे रकाने पेनने आखलेले. मैत्रिणीने सगळं भरलं. पोर्ट १४ ची चूकही लिहिली. सरांनी लिही म्हटलं नव्हतं. कारणाच्या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिलं, ‘एडिटिंग रूममधला विनापरवाना राउटर’, आणि खाली सही केली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पहिल्या वर्षाची ती मुलगी प्रिंटरपाशी उभी होती. अर्ज सबमिट झाल्याची पावती काढत होती. मी तिला सॉरी म्हटलं आणि राउटरचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ताई, मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं.”

रजिस्टरमधला शेवटचा रकाना भरायला मैत्रीण परत आत गेली. तो रिकामा राहिला होता. तिने ‘शो मॉनिटर सेशन १’ एकदा मारून बघितलं, काही नाही याची खात्री केली आणि लिहिलं: आरसा काढला, ५.४०.